घाटमाथ्यावर साठवलेली वीज : सह्याद्रीतील उदंचन प्रकल्पांविषयी आपले मत काय?

दुर्गवाट

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2023 मध्ये उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्याआधी ऑगस्टमध्येच टाटा पॉवरने शासनाशी शिरवटा (1800 मेगावॅट) आणि भिवपुरी (1000 मेगावॅट) या दोन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला होता, ज्याची गुंतवणूक सुमारे 13,000 कोटी रुपये सांगितली गेली. तेव्हापासून घाटमाथ्यावरील अनेक गावांत नव्या जलाशयांची चर्चा ऐकू येते. दुपारी सूर्यापासून मिळणारी जास्तीची वीज वापरून खालच्या तळ्यातील पाणी वर चढवायचे आणि दिवेलागणीनंतर तेच पाणी खाली सोडून वीज परत मिळवायची, ही उदंचनाची कल्पना मला मनापासून पटते. कोळसा कमी जाळायचा असेल तर सूर्य मावळल्यानंतरच्या चार-पाच तासांची सोय करावीच लागेल.

तरीही दोन प्रश्न सुटत नाहीत. बॅटऱ्यांच्या किमती वेगाने उतरत असताना डोंगर पोखरण्याची गरज उरते का? आणि गरज असेलच, तर नव्या जागा घेण्यापूर्वी जी धरणे आधीच बांधून झाली आहेत त्यांचा वापर का होऊ नये? माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. जाणकारांनी लिहावे.

अवजल

जलविद्युत क्षेत्रातील नोकरीतून निवृत्त झालो आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 367 मीटर खाली आले की त्यातून तत्त्वतः बरोबर एक युनिट वीज मिळते. घाटघर प्रकल्पात वरचे तळे अकोले तालुक्यात ऐन कड्यावर आहे आणि खालचे शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. दोहोंतील अंतर सुमारे चारशे मीटर उंचीचे असल्यामुळे यंत्रांतील घट धरूनही घनमीटरमागे एका युनिटच्या आसपास वीज हाती लागते. दिवसाला दहा युनिट वापरणाऱ्या घरासाठी दहा हजार लिटरचा एक टँकर कड्यावरून खाली उतरवावा लागतो, असे समजा. हे पाणी संपत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जाते.

घाटघरची क्षमता 250 मेगावॅट आहे, म्हणजे 125 मेगावॅटचे दोन संच. ते सहा तास पूर्ण भाराने चालले तर 15 लाख युनिट होतात आणि त्यासाठी सुमारे 15 लाख घनमीटर पाणी लागते. टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) भाषेत हे जेमतेम 0.05 टीएमसी भरते. कोयनेचा शिवसागर जलाशय 105 टीएमसीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उदंचनाला लागणारे तळे किती लहान असते ते कळेल. इथे पाण्याच्या साठ्यापेक्षा उंचीला महत्त्व आहे, आणि कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेला सह्याद्रीचा कडा ती उंची अगदी थोड्या आडव्या अंतरात देतो. आडवे अंतर कमी म्हणजे भुयार आखूड, आणि भुयार आखूड म्हणजे खर्च कमी.

सायली_ठाणे

पाणी वर चढवायला जितकी वीज लागते तितकी परत मिळत नाही, असे वाचले आहे. मग हा तोट्याचा व्यवहार नाही का?

सौरदीप

सायलीताई, आपण वाचले ते खरे आहे. शंभर युनिट वापरून पाणी वर चढवले तर साधारण 75 ते 80 युनिट परत मिळतात. बाकीची ऊर्जा भुयारातील घर्षणात, पंपात, टर्बाइनमध्ये आणि रोहित्रात जाते. मात्र युनिटची किंमत दिवसभर सारखी नसते. समजा, दुपारी अडीच रुपयांना मिळणारी वीज वापरली आणि 77 टक्के परत मिळाली, तर परत मिळालेल्या युनिटमागे विजेचा खर्च सव्वातीन रुपये होतो. त्यात बांधकामावरील भांडवलाचा भार मिळवायचा. संध्याकाळी सात वाजता बाजारात वीज त्याहून महाग असेल तर व्यवहार जुळतो. शिवाय मागणी नसल्यामुळे सौर प्रकल्पाला उत्पादन थांबवण्याचा आदेश येतो तेव्हा ती वीज वायाच जाते, आणि वाया जाणाऱ्या शंभरातील 77 वाचली तर तो तोटा म्हणता येणार नाही.

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नावर माझे मत वेगळे आहे. मी सौर प्रकल्पांच्या उभारणीत काम करतो. दोन ते चार तासांच्या साठवणुकीसाठी आज बॅटरीच सरस आहे. ती सौर प्रकल्पाच्या कुंपणातच बसते, दीड-दोन वर्षांत उभी राहते, 85 टक्क्यांहून अधिक वीज परत देते आणि कोणाचे घर उठवत नाही. उदंचन प्रकल्पाला परवानग्या आणि बांधकाम धरून सात-आठ वर्षे सहज लागतात. तोपर्यंत बॅटरी आणखी कितीतरी स्वस्त झालेली असेल.

आकडेमोड

सौरदीप यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. बॅटरीचे आयुष्य बारा-पंधरा वर्षे धरतात. धरण आणि भुयार नीट देखभाल केली तर ऐंशी-शंभर वर्षे टिकतात, आणि यंत्रे मध्ये एकदोनदा बदलावी लागतात. खोपोलीचे जलविद्युत केंद्र पहिल्या महायुद्धाच्या काळातले आणि भिऱ्याचे 1927 चे आहे. त्या व्यवस्था आजही वीज देत आहेत. दुसरे म्हणजे तासांचा प्रश्न. बॅटरीत चाराऐवजी आठ तास साठवायचे असतील तर जवळजवळ दुप्पट बॅटऱ्या घ्याव्या लागतात. उदंचनात वरचे आणि खालचे तळे मोठे करावे लागते, पण सर्वांत महाग असलेले भूमिगत विद्युतगृह आणि यंत्रे तीच राहतात. त्यामुळे तास वाढतात तसा प्रत्येक युनिटमागचा खर्च उतरत जातो. संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी बॅटरी आणि रात्रभरासाठी पाणी, अशी वाटणी मला योग्य वाटते.

द्राक्षमळा

मी निफाड तालुक्यातील शेतकरी आहे. इथे अजून कोणी मागणीचा विचार मांडलेला नाही. वर्षानुवर्षे आम्हाला शेतीची वीज रात्री मिळत असे. पौष महिन्यातल्या थंडीत मध्यरात्री मोटार सुरू करायला जायचे, पायाखाली साप आणि उसाच्या फडात बिबट्या असायचा. भारनियमनाच्या काळात तर रात्री दोन वाजता आलेली वीज चार वाजता गेली की वाफे अर्धवट भिजून राहत. आता आमच्या फीडरला सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज मिळते आणि पाणी उजेडात भरता येते. या बदलाचे मोल शेतकऱ्यालाच कळेल.

सांगायचे असे की, दुपारच्या विजेवर दुपारीच शेतीचे पंप चालले तर तेवढी वीज साठवावीच लागत नाही. नवीन तळे बांधण्याआधी राज्यातील सगळे कृषिपंप दिवसावर आणा. पाणीपुरवठा योजनांचे पंप, पिठाच्या गिरण्या, शीतगृहे यांनाही दुपारी स्वस्त वीज द्या. त्यानंतर किती साठवायची उरते ते पाहा.

सौरदीप

द्राक्षमळा यांचा मुद्दा अगदी मोलाचा आहे आणि नियोजनात तोच पहिला असायला हवा. त्याला एक मर्यादा मात्र आहे. शेतीची मागणी हंगामी असते. चांगला पाऊस झाला की पंप बंद होतात. पावसाची उघडीप मिळाली की सौर उत्पादन वाढते, पण ओल असल्यामुळे पंप लागत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असे दिवस पुष्कळ येतात. तेव्हा ती वीज घेणारा दुसरा कोणी हवाच.

मावळमाती

वीज आणि तास यांची चर्चा चालू आहे, म्हणून माणसांबद्दल लिहितो. भिऱ्याचे नाव वर आले आहे. त्या केंद्रासाठी मुळशी धरण बांधले गेले आणि त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. शंभर वर्षांनंतर पुन्हा आमच्याच डोंगररांगेत, पुन्हा शहरांच्या संध्याकाळसाठी जागा शोधल्या जात आहेत. तळे लहान असेल, पण ज्याचे शेत त्यात जाते त्याच्यासाठी ते लहान नसते.

माझ्या आजोळचे गाव अशाच एका जुन्या धरणात बुडाले. पर्यायी जमिनीचा सातबारा नावावर होण्यासाठी दोन पिढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. धरणाच्या भिंतीवर दिवे लागले, पण पुनर्वसित वस्तीत वीज पोहोचायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. म्हणून प्रकल्पाची किंमत रुपयांत मांडली जाते तेव्हा तो हिशेब मला अपुरा वाटतो.

अवजल

मावळमाती, आपण लिहिले ते कोणत्याही अभियंत्याने प्रकल्प अहवालाच्या आधी वाचावे असे आहे. माझे म्हणणे इतकेच की जुन्या जलाशयांचा वापर केला तर नवे बुडित क्षेत्र अगदी कमी राहते. भिऱ्याचेच उदाहरण घ्या. तिथे जुन्या केंद्राशेजारी 150 मेगावॅटचा उदंचन संच बसवलेला आहे. त्यासाठी नवे मुळशी बांधावे लागले नाही, वरचे तळे आधीपासून होते. भिऱ्याच्या अवजलावर, म्हणजे वीज करून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, पुढे कुंडलिका नदी वर्षभर वाहती राहते, रोह्याकडील उद्योगांना आणि शेतीला पाणी मिळते, आणि कोलाडचे राफ्टिंगसुद्धा त्या दिवशी वरून पाणी सोडले जाते की नाही यावर चालते. एका यंत्रणेवर किती जण अवलंबून असतात ते यातून दिसते. म्हणूनच वेळापत्रक बदलताना खालच्या गावांना विचारले पाहिजे.

स्लेटचा_डोंगर

मी वेल्समध्ये राहतो. इथले डिनॉर्विग केंद्र 1984 मध्ये सुरू झाले, त्याची क्षमता सुमारे 1700 मेगावॅट आहे. ते एलिडिर डोंगराच्या पोटात आहे. हा डोंगर शंभरहून अधिक वर्षे पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी फोडला जात होता. खाण बंद पडल्यानंतर त्याच उद्ध्वस्त जागेत केंद्र झाले, आणि आत सुमारे सोळा किलोमीटर भुयारे असूनही बाहेरून फारसे काही दिसत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटला तो त्याचा वेग. संच सज्ज ठेवायचा असतो तेव्हा दाबाखालची हवा सोडून टर्बाइनच्या चक्राभोवतीचे पाणी खाली ढकलतात आणि चक्र हवेतच पूर्ण वेगाने फिरत ठेवतात. मागणी आली की झडप उघडते, पाणी आत घुसते आणि बारा-पंधरा सेकंदांत शेकडो मेगावॅट वीज मिळू लागते. दूरदर्शनवरचा लोकप्रिय कार्यक्रम संपताच लाखो घरांत एकाच वेळी चहाच्या किटल्या लागतात, तो झटका सावरण्यासाठी याचा उपयोग होत असे. संपूर्ण ग्रिड कोसळले तर ते पुन्हा उभे करण्याचे कामही असे केंद्र बाहेरच्या विजेवाचून सुरू करू शकते.

दुर्गवाट यांच्या प्रश्नाला जोडून सांगावेसे वाटते की जागेची निवड आधीच बिघडलेल्या ठिकाणी झाली, याचा इथल्या लोकमतावर फार चांगला परिणाम झाला.

रानजाई

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने वरच्या तळ्यांबद्दल लिहिते. नकाशावर डोंगरमाथ्यावरचे सडे, म्हणजे सपाट कातळ, पडीक म्हणून दाखवले जातात आणि म्हणून वरचे तळे तिथेच सोयीचे वाटते. ज्येष्ठात पाहिले तर तिथे काळा किंवा तांबडा उघडा दगड दिसतो. श्रावण-भाद्रपदात त्याच दगडावर हाताच्या बोटाएवढ्या मातीच्या थरात सीतेची आसवे, तेरडा आणि कीटक खाणारे दवबिंदू उगवतात, आणि साचलेल्या पाण्याच्या डबक्यांत दोनच महिने जगणाऱ्या वनस्पती असतात. या जाती खालच्या जंगलात लावून जगत नाहीत, त्यामुळे भरपाईसाठी दुसरीकडे झाडे लावण्याचा इथे उपयोग नाही. कासचे पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेले, पण तसेच सडे नाव नसलेल्या शेकडो माथ्यांवर आहेत.

दुसरी काळजी झऱ्यांची आहे. आपला बेसाल्ट थरांचा आहे. दोन थरांच्या मधल्या भेगाळ भागातून पाणी झिरपते आणि कड्याच्या पोटाशी झरा म्हणून बाहेर येते. भुयार त्या थरातून गेले आणि आतून नीट अस्तर झाले नाही, तर पाणी भुयाराकडे वळते आणि वाडीचा झरा माघापर्यंत आटतो. बांधकामाच्या आधी किमान दोन वर्षे सर्व झऱ्यांचे मोजमाप व्हावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे, नाहीतर नंतर झरा आटल्याचे सिद्ध कसे करणार?

आकडेमोड

रानजाई, फार महत्त्वाचे लिहिलेत. पाण्याच्या हिशेबात मी बाष्पीभवन जोडतो. आपल्याकडे उघड्या तळ्यातून वर्षाला दीड मीटर किंवा अधिक उंचीचे पाणी उडून जाते. दोन्ही तळ्यांचे मिळून शंभर हेक्टर क्षेत्र धरले तर वर्षाला सुमारे 15 लाख घनमीटर पाणी पुन्हा भरावे लागेल. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या मानाने हे थोडे आहे. ज्या ओढ्यातून ते घ्यायचे त्या ओढ्याच्या मानाने मात्र ते थोडे असेलच असे नाही.

कृष्णामाई

कोयनेबद्दल कोणी सांगेल का? वर शिवसागर, खाली कोळकेवाडी, दोन्ही तयार आहेत. तिथेच उदंचन का करू नये?

अवजल

हा प्रश्न येईल याची वाटच पाहत होतो, कारण दुर्गवाट यांच्या मूळ मुद्द्याला यात खरी परीक्षा आहे. कोयनेची एकूण क्षमता 1960 मेगावॅटच्या आसपास आहे, त्यातील 1000 मेगावॅट चौथ्या टप्प्यातील. पोफळीचे पहिले दोन टप्पे आणि चौथा टप्पा यांचे अवजल कोळकेवाडीच्या तळ्यात येते, तेथून तिसऱ्या टप्प्यात अलोऱ्याला वीज देऊन वाशिष्ठीत जाते आणि चिपळूणवरून समुद्राला मिळते. शिवसागर आणि कोळकेवाडी यांच्यात जवळजवळ पाचशे मीटरचा फरक आहे.

आता अडचण पाहा. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. त्यामुळे संच तयार असले तरी उन्हाळ्यात कोटा संपत आला की हात आखडता घ्यावा लागतो, आणि विजेची ओढ नेमकी तेव्हाच असते. संध्याकाळी खाली आलेले पाणी दुपारच्या सौर विजेवर परत वर नेले तर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते आणि समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यात वाढ होत नाही. माझ्या मते महाराष्ट्रात उदंचनाचा याहून चांगला उपयोग शोधून सापडणार नाही.

पण जुनी यंत्रे पाणी वर चढवू शकत नाहीत. पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन चक्रे आहेत. त्यांत पाण्याचा झोत हवेतल्या वाट्यांवर आदळतो, तो उलटा फिरवता येत नाही. चौथ्या टप्प्यातील फ्रान्सिस चक्रेही उलट चालवण्यासाठी बनवलेली नाहीत. पंप म्हणून चालणारे चक्र खालच्या तळ्याच्या पातळीपेक्षा बरेच खोल बसवावे लागते, नाहीतर शोषणाच्या बाजूला पाण्यात बुडबुडे तयार होऊन ते पोलाद खातात. म्हणून नवे भूमिगत विद्युतगृह आणि नवे भुयार करावेच लागेल. कोळकेवाडीचे तळे लहान असल्यामुळे तिसऱ्या टप्प्याच्या वेळापत्रकाशीही मेळ घालावा लागेल. शिवाय 11 डिसेंबर 1967 चा भूकंप ज्या परिसरात झाला तिथे खोदकामाचे प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. हे सारे असूनही नवीन खोरे बुडवण्यापेक्षा मी हेच काम आधी हाती घेईन.

द्राक्षमळा

सरदार सरोवराच्या नदीपात्रातील विद्युतगृहातही 200 मेगावॅटचे सहा उलटसुलट चालणारे संच आहेत ना? त्यांचा पंप म्हणून उपयोग का झाला नाही?

अवजल

आहेत, एकूण 1200 मेगावॅटचे. पंप चालायचा तर खाली पाणी अडवणारे तळे हवे. ते देणारा गरुडेश्वरचा बंधारा खूप उशिरा झाला, म्हणून ते संच वर्षानुवर्षे केवळ वीजनिर्मितीच करत राहिले. यंत्रे बसवली आणि खालचे तळे मागे राहिले, हा धडा महाराष्ट्रानेही घ्यावा.

घाटाखालची_वाडी

आमच्या गावाजवळ सर्वेक्षण झाले आहे, म्हणून हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. आमच्या वाडीवरून एका जुन्या जलाशयाचे पाणी दिसते. चैत्र-वैशाखात बायका त्या पाण्याकडे पाहत झऱ्यावर रांग लावतात, कारण जलाशयातून गावासाठी नळ काढलेला नाही. नवा प्रकल्प येणार असेल तर लोक विरोधच करतील असे नाही. विजेचे काम शिकलेली मुले गावात आहेत आणि त्यांना काम हवे आहे. पण बांधकाम संपले की रोजंदारीही संपते, हे सर्वांनी पाहिले आहे. ग्रामसभेत आम्ही नेमके काय विचारावे, हे इथल्या जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील.

दुर्गवाट

माझ्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. अवजल आणि रानजाई यांनी कृपया उत्तर द्यावे.

रानजाई

पर्यावरण आघात अहवालाचा मराठी सारांश जनसुनावणीआधी मिळाला पाहिजे, तो लेखी मागा. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. वनजमीन जाणार असेल तर वनहक्क कायद्याखालील दावे निकाली निघाले आहेत का, हे ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्या. आणि आजच, कोणाचीही वाट न पाहता, झऱ्यांची यादी करा. प्रत्येक झऱ्यावर एक कळशी किती वेळात भरते ते दर महिन्याला तारखेसह वहीत लिहा आणि पानावर चार जणांच्या सह्या घ्या.

अवजल

रानजाई यांनी सांगितलेली वही आधी सुरू करा. मग कंपनीच्या अभियंत्याला विचारा की तळे पहिल्यांदा भरायला पाणी कोणत्या ओढ्यातून, कोणत्या महिन्यांत आणि किती घेणार, आणि पाऊस कमी झाला त्या वर्षी आधी कोणाचे पाणी तोडणार. भुयाराची रेषा गावाच्या नकाशावर काढून मागा आणि ती झऱ्यांच्या यादीशी ताडून पाहा. खोदकामातून निघणारा दगड कुठे टाकणार तेही विचारा, कारण लाखो घनमीटर मुरूम ओढ्यात टाकला तर पहिल्याच पावसात तो भातखाचरांत उतरतो. पिण्याच्या पाण्याचा नळ करारात लिहून घ्या आणि तो तळे भरण्याच्या आधी चालू झाला पाहिजे, अशी अट घाला. नोकऱ्यांबाबत, चालू केंद्रात माणसे थोडीच लागतात, पण ती तीस-चाळीस वर्षे लागतात. म्हणून बांधकामाच्या पहिल्या वर्षीच गावातील मुलांना आयटीआयला पाठवण्याची आणि नंतर चालवण्याच्या कामावर घेण्याची तरतूद मागा. नकाशे हाती आले की इथे वर्णन लिहा, मी रेषा वाचून देईन.